मासळीशिवाय मेन्त्सुयु



उन्हाळा ऐन भरात आहे. उज्जैनचा पारा चाळिशीच्या वर गेलाय आणि दुपारी गॅससमोर उभं राहायची घरात कोणाचीच तयारी नाही. ताक, पन्हं, कैरीची डाळ सगळं करून झालं. म्हणून या वेळी स्तंभात एक लांबचा पदार्थ घेतोय, पण आपल्या उन्हाळ्याला अगदी साजेसा.

जपानमध्ये उकाडा वाढला की लोक नूडल्स उकडून बर्फाच्या पाण्यात गार करतात. बाजूला छोट्या वाटीत काळसर, खारट-गोड, गार सार असतं. नूडल्सचा एकेक घास त्यात बुडवायचा आणि खायचा. या साराला म्हणतात मेन्त्सुयु. 'मेन' म्हणजे नूडल्स आणि 'त्सुयु' म्हणजे त्याबरोबरचं सार. नूडल्स गव्हाच्या जाड असल्या तर उदोन, गव्हाच्याच पण शेवयांसारख्या बारीक असल्या तर सोमेन. आणि सोबा म्हणजे चक्क कुट्टूच्या पिठाच्या, तेच कुट्टू जे आपल्याकडे उपासाला चालतं. (तिकडे बहुतेक वेळा त्यात थोडं गव्हाचं पीठ मिसळतात, त्यामुळे एकादशीला नको!)

आता हा विषय उज्जैनच्या मराठी घरात आला कसा, ते सांगतो. माझा दादा आणि वहिनी आठ वर्षं टोकियोत होते, निशी-कासाई भागात. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. 2000 सालाच्या आसपास संगणकाच्या कामासाठी आपली मंडळी तिकडे जाऊ लागली आणि तिथेच रुळली. हा भाग ज्या एदोगावा प्रभागात येतो, तिथल्या सभेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. तर दादा-वहिनी गेल्या वर्षी परतले. दादाची नोकरी इंदूरला, पण राहायला सगळे इथेच, आई-बाबांबरोबर. माझी पुतणी आठ वर्षांची, जन्म तिकडचा. हा तिचा पहिलाच उज्जैनचा उन्हाळा. दुपारचं जेवण तिला नकोसं झालं. अर्धी पोळी, दोन घास भात, की ताट बाजूला. आईने तिच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. मग एक दिवस ती हळूच म्हणाली, "आजी, तिकडे उन्हाळ्यात आम्ही सोमेन खायचो."

आई लगेच म्हणाली, "सांग कसं करायचं, करते." पण वहिनी गप्प झाली, कारण तिला अडचण माहीत होती. मेन्त्सुयुत मासा असतो आणि आमच्या घरात तो येत नाही.

वहिनी स्वतः शाकाहारी. टोकियोत गेल्यावर पहिली दोन वर्षं ती मेन्त्सुयुची बाटली निर्धास्त वापरत होती. बाटलीवर नूडल्सचं चित्र, रंग सोया सॉससारखा, शंका यायचं कारणच नव्हतं. शेजारच्या एका मराठी काकूंनी लेबल वाचून दाखवलं तेव्हा कळलं, की त्यात माशाचा अर्क आहे. त्या दिवसापासून तिने ती बाटली घरात आणली नाही. लेकीला शाळेत किंवा बाहेर मिळायचं तेवढंच. म्हणजे पुतणीला जी चव हवी होती, ती वहिनीनेही घरी कधी पूर्ण केलेली नव्हती, आणि आईच्या स्वयंपाकघरात तर प्रश्नच नव्हता.

मी पडलो बी.ई., सॉफ्टवेअरवाला. आमच्या कामात अशी वेळ नेहमी येते. प्रोग्रॅममध्ये एखादी बाहेरची लायब्ररी वापरलेली असते आणि एक दिवस कळतं, की तिचं लायसन्स आपल्या कंपनीला चालत नाही. तेव्हा 'तिच्यासारखी दुसरी कोणती' हे शोधत बसायचं नसतं. आधी कागद घ्यायचा आणि ती नेमकी कोणती कामं करत होती ते लिहून काढायचं. एकेका कामाला पर्याय शोधायचा. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा दिसतं, की त्यातलं एखादं काम आता उरलेलंच नाही. मेन्त्सुयुचं मी आणि वहिनीने हेच केलं.

आधी त्याची रचना बघू. मेन्त्सुयु दोन भागांचं असतं. पहिला भाग कायेशी: सोया सॉस, साखर आणि मिरिन एकत्र तापवून, आठवडाभर मुरवलेलं दाट मिश्रण. दुसरा भाग दाशी: म्हणजे पातळ, चवदार पाणी. नेहमीची दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या वाळलेल्या पट्ट्या आणि कात्सुओबुशी यांची. कात्सुओबुशी म्हणजे एका जातीचा मासा उकडून, धुरावर सुकवून लाकडासारखा कडक केलेला. त्याचे रंध्यावर काढतात तसे पातळ काप काढतात. कायेशी फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकते, दाशी ताजी करायची आणि दोन्ही ऐन वेळी मिसळायचं. आपल्या घरी गोडा मसाला वर्षाचा करून ठेवतात आणि आमटी रोजची रोज होते, तसंच.

आता कामांची यादी. पहिलं काम कोंबूचं. 1908 साली टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी शोधून काढलं, की कोंबूच्या पाण्याला जी भरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव असते ती ग्लुटामेटमुळे. गोड, आंबट, खारट, कडू यांहून ती वेगळी, म्हणून त्यांनी तिला नाव दिलं उमामी. दुसऱ्याच वर्षी, 1909 मध्ये, हाच पदार्थ पांढऱ्या पुडीच्या रूपात बाजारात आला. आपण त्याला अजिनोमोटो म्हणतो, ते मुळात त्या मालाचं व्यापारी नाव.

दुसरं काम माशाचं. 1913 मध्ये इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशातला चवीचा घटक ओळखला, तो इनोसिनेट. आणि 1957 मध्ये अकिरा कुनिनाका यांनी आणखी एक घटक दाखवून दिला, ग्वानिलेट. हा वाळलेल्या शिताके मशरूममध्ये असतो. कुनिनाकांनी त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली: ग्लुटामेटबरोबर इनोसिनेट किंवा ग्वानिलेट यांपैकी एक जरी असला, तरी उमामी चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते.

इथे आमचं कोडं अर्धं सुटलं. माशाचं काम होतं ग्लुटामेटला जोडीदार देणं. ते काम शिताके करतो. आणि हे काही आम्ही उज्जैनात लावलेला शोध नाही. जपानच्या बौद्ध मठांमध्ये शोजिन र्योरी नावाचा शाकाहारी स्वयंपाक शतकानुशतकं चालत आला आहे. तिथे मासा वर्ज्य आणि दाशी कोंबू-शिताकेचीच. सोतो झेन पंथाचे दोगेन यांनी तर 1237 साली मठातल्या स्वयंपाक्यासाठी 'तेन्झो क्योकुन' नावाचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे मासळीशिवायची दाशी ही भारतीयांनी केलेली तडजोड नव्हे, तिकडचीच जुनी, मानाची पद्धत आहे. हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "मग ते आपल्यासारखंच की!"

तिसरं काम मिरिनचं. मिरिन म्हणजे चिकट तांदळाची गोड दारू, त्यात साधारण 14 टक्के मद्यार्क असतो. आमच्या घरात ती चालणार नाहीच, आणि 1 एप्रिल 2025 पासून उज्जैन शहरात दारूविक्रीही बंद आहे. तर मिरिनची कामं लिहिली: गोडवा देणं, थोडी चकाकी देणं आणि मासळीचा वास मारणं. तिसऱ्या कामासमोर वहिनीने सरळ काट मारली. मासाच नाही, तर वास कसला? उरला गोडवा आणि चकाकी. ती साखरेने येते.

म्हणजे एका पदार्थाला पर्याय मिळाला आणि दुसऱ्याची अर्धी गरजच संपली. मंडळी, मला वाटतं आपल्या माळव्यातल्या मराठी घरांना ही रीत नवीन नाही. अठराव्या शतकात शिंद्यांबरोबर आपले पूर्वज उज्जैनात आले. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी बरीच घरं इथेच राहिली. आमच्याकडे आमसूल कोकणातून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून यायचं. ते संपलं की आजी आमटीत चिंच घालायची, पण गोडा मसाला मात्र कधी बदलला नाही. आमसुलाचं काम आंबटपणाचं, ते दुसऱ्याने केलं तर चालतं. गोड्या मसाल्याचं काम दुसरं कोणी करू शकत नाही. काय बदलायचं आणि काय नाही, हे आजीला कागद-पेन्सिल न घेता कळत होतं.

मेन्त्सुयुत गोड्या मसाल्याच्या जागी आहे सोया सॉस. त्यात तडजोड नको. चाऊमीनच्या गाडीवर असतो तो सॉस पुष्कळदा रंग आणि आम्ल घालून केलेला असतो. बाटलीवर घटक वाचा: पाणी, सोयाबीन, गहू आणि मीठ, एवढेच असले तर तो आंबवून केलेला असतो. तोच घ्या. 'डार्क' लिहिलेला नको.

आता कृती.

कायेशीसाठी साहित्य: आंबवलेला सोया सॉस 250 मिली, साखर 65 ग्रॅम (साधारण पाच सपाट मोठे चमचे), पाणी 50 मिली. मिरिन वापरत असाल तर मिरिन 50 मिली, साखर 50 ग्रॅम आणि पाणी नको.

कृती: जाड बुडाच्या पातेल्यात साखर आणि पाणी मंद आचेवर विरघळवा. सोया सॉस घाला. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस बंद. उकळी आणायची नाही, सॉसचा सुवास उडून जातो. (मिरिन असेल तर ते आधी एकटं उकळून घ्या, मग साखर.) पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा. पहिल्या दिवशी चव टोकदार, खारट लागते. आठ दिवसांनी ती गोल होते. लोणचं मुरण्यासारखंच हे.

दाशीसाठी साहित्य: पाणी 1 लिटर, कोंबू 10 ग्रॅम, वाळलेले शिताके 4-5. दोन्ही उज्जैनच्या दुकानात सहज दिसत नाहीत, पण ऑनलाइन मागवता येतात आणि वर्षभर टिकतात. शिताके वाळलेलेच हवेत, ताज्या मशरूमने ही चव येत नाही.

कृती: कोंबूवर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी नव्हे. धुऊ नका, ओल्या फडक्याने नुसता पुसा. कोंबू आणि शिताके थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तेच पाणी अगदी मंद आचेवर तापवा, दहा मिनिटं तरी लागायला हवीत. शिताकेतलं ग्वानिलेट या सावकाश तापण्यातच तयार होतं, म्हणून घाई नको. तळाशी बुडबुडे दिसले की कोंबू काढून घ्या. तो उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. मग शिताके तसेच ठेवून पाच मिनिटं उकळा, फेस काढा आणि पातळ कापडातून गाळा. उरलेले शिताके फेकू नका. चिरून दोन चमचे कायेशी आणि चमचाभर साखरेत आटवा, नूडल्सवर घालायला छान लागतात.

मिसळायचं प्रमाण: गार नूडल्स बुडवायला एक भाग कायेशी आणि तीन भाग दाशी. पावसाळ्यात गरम नूडल्स साराबरोबर खायच्या असतील तर एकास आठ ते दहा.

इथे एक महत्त्वाची सूचना, आणि ही आमच्या घरात खरोखर आड आली. कोंबूत आयोडिन प्रचंड असतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज 150 मायक्रोग्रॅम, आणि एका ग्रॅम कोंबूत ते हजार मायक्रोग्रॅमहून जास्त असू शकतं. त्यातलं पुष्कळसं दाशीत उतरतं. आई गेली कित्येक वर्षं थायरॉईडची गोळी घेते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की टाळलेलं बरं. ज्यांना थायरॉईडचा त्रास आहे त्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोंबू घेऊ नये. बाकीच्यांनीही रोज नको, कधीतरी.

मग आईने काय खायचं? नात खाणार आणि आजी बघणार, हे पुतणीलाच मान्य नव्हतं. पुन्हा कामांची यादी काढली. कोंबूचं काम ग्लुटामेट देणं. पण ग्लुटामेट सोया सॉसमध्येही भरपूर असतंच. म्हणजे शिताकेला जोडीदार आहे, फक्त सार थोडं पोकळ लागेल. त्याला अंग हवं. हे ऐकून आई म्हणाली, "मग कट घाल ना."

मला हे सुचलं नसतं! पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतो तो कट. कटाची आमटी आपण होळीला करतोच. हरभऱ्याच्या डाळीचा सगळा भरदारपणा त्या पाण्यात उतरलेला असतो. म्हणजे कट ही आपली दाशीच झाली की. आईची कृती अशी: एक वाटी हरभऱ्याची डाळ पाच वाट्या पाण्यात, हळद-मीठ न घालता, उघड्या पातेल्यात शिजवायची. कुकर नको, डाळ फुटली की कट गढूळ होतो. पाणी काढून अर्धा तास ठेवायचं आणि वरचं नितळ तेवढं घ्यायचं. शिताके वेगळे दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवून, तसेच सावकाश तापवून घ्यायचे. कट दोन वाट्या आणि शिताकेचं पाणी दोन वाट्या एकत्र पाच मिनिटं उकळून गार करायचं. रंग थोडा धूसर येतो आणि समुद्राचा वास नसतो, पण चव पोटभर लागते. डाळीचं दुसऱ्या दिवशी पुरण झालं, ते वेगळंच.

नूडल्ससाठी सोमेन मिळालं तर उत्तम. नाहीतर आपल्या गव्हाच्या, न भाजलेल्या बारीक शेवया घ्या. भरपूर उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं, एखादी चावून बघा, आणि लगेच चाळणीत ओतून गार पाण्याखाली हाताने चोळून धुवा. वरचा चिकटपणा गेला पाहिजे. मग बर्फाच्या पाण्यात. सोबत काकडीचे लांब काप, किसलेलं आलं, भाजलेल्या तिळाचं कूट. 

मीठ मात्र जपा. एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. वाटीतलं सगळं सार पिऊन टाकलं तर अर्ध्याहून जास्त कोटा तिथेच संपतो. बाबांना ब्लडप्रेशर आहे, म्हणून त्यांना नियम घालून दिलाय: घासाचं टोक तेवढं बुडवायचं, उरलेलं सार वाटीत ठेवायचं. सोबा खाणारे टोकियोचे जुने दर्दीही टोकच बुडवतात, हे सांगितल्यावर त्यांनी ते मानलं. पण नूडल्सवर रतलामी शेव भुरभुरवायचं त्यांनी काही सोडलं नाही. माळव्याचा माणूस, त्याला कोण अडवणार!

आणि पुतणी? पहिल्या दिवशी तिने घास बुडवला, खाल्ला, थोडा वेळ विचार केला. म्हणाली, "तिकडच्यासारखं नाहीये. पण आपलं पण छान आहे." आणि वाटी पुढे केली. त्या दुपारी तिने तीन वेळा घेतलं. आईने कट घातलेलं घेतलं आणि वहिनीने कोंबूचं. आठ वर्षं जपानात राहून घरच्या ताटात मेन्त्सुयु घ्यायची वहिनीची ती पहिली निश्चिंत वेळ होती.

शेवटी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तयार दाशी आणि मिसळलेलं सार फ्रिजमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात लाइट जात असेल तर त्याहून कमी. बाटलीवर तारीख लिहा. आणि परदेशातून कोणी तयार मेन्त्सुयु आणलं तर आधी लेबल तपासा. सूटकेसमधून आलेल्या बाटलीवर आपला हिरवा ठिपका नसतो. फोनचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर करा आणि कात्सुओ, निबोशी, साबा यांपैकी शब्द आला तर त्यात मासा आहे. बाटलीवर 2, 3 किंवा 4 पट असंही लिहिलेलं असतं, तेवढ्या पटीने पाणी घालून पातळ करायचं. मासे खाणाऱ्या मंडळींना अर्थात ती बाटली सोयीचीच आहे.

तुमच्या घरी कटाची दाशी करून पाहिलीत तर प्रमाण जरूर कळवा. आईने विचारलंय, तुरीच्या डाळीच्या पाण्याने कोणी केलं तर कसं लागतं?